गजबजलेला महिना आणि स्मृतीचे प्रामाण्य

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा काळ वर्षातला सर्वांत दाटीचा असतो. राहिलेल्या तोंडी परीक्षा, जर्नलवरच्या सह्या, राष्ट्रीय सेवा योजनेचे निवासी शिबिर, स्नेहसंमेलनाच्या तालमी, ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती, १२ जानेवारीचा युवा दिन असे सगळे चार-पाच आठवड्यांत येऊन पडते. तो महिना सरल्यावर विद्यार्थी मागे वळून पाहतो तेव्हा, जगताना न कळलेले काहीतरी त्याला कळते. हे कळणे नेमक्या कोणत्या जातीचे, हा तत्त्वज्ञानातला जुना आणि अजूनही न मिटलेला प्रश्न आहे. त्याला ज्ञान म्हणावे की ज्ञानाची मागे उरलेली छाप? त्याच्यावर किती विसंबावे? आणि निरनिराळ्या धर्मपरंपरांनी मागे वळून पाहणे हे साधकाचे नित्यकर्म का ठरवले?

अशा महिन्याचा पहिला विशेष त्याच्या लांबीत दिसतो. तो जाताना कळत नाही आणि सरल्यावर मात्र फार मोठा वाटतो. विल्यम जेम्सने १८९० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’ या ग्रंथात हा अनुभव नियमासारखा मांडला आहे. नाना प्रकारच्या अनुभवांनी भरलेला काळ जाताना तोकडा आणि आठवताना लांब वाटतो. रिकामा काळ जाताना लांबतो आणि आठवताना आकसतो. कामात बुडालेल्या माणसाचे लक्ष काळाकडे नसते, म्हणून काळ भुर्रकन जातो. आठवताना मात्र मन लांबी मोजते ती आठवणींच्या संख्येवरून. जेम्सच्या कितीतरी आधी, इसवी सन ४००च्या सुमारास, उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो नगरीचा बिशप ऑगस्टीन याने ‘कन्फेशन्स’च्या अकराव्या भागात याहून खोलवर जाणारा विचार केला होता. भूतकाळ आता नाही आणि भविष्य अजून नाही, मग काळ मोजला जातो तो कुठे? त्याचे उत्तर असे, की तो मनात मोजला जातो. गेलेल्याचे वर्तमान म्हणजे स्मृती, चालू क्षणाचे वर्तमान म्हणजे अवधान आणि येणाऱ्याचे वर्तमान म्हणजे अपेक्षा. या हिशेबाने मागे पाहणारा विद्यार्थी गेलेल्या डिसेंबरात परत जात नाही. तो जानेवारीच्या अखेरीस आपल्या मनात आत्ता जे आहे तेच तपासत असतो.

भारतीय दर्शनांनी हाच प्रश्न वेगळ्या बाजूने धरला. स्मृतीला प्रमाण म्हणायचे की नाही, हा त्यांचा वाद आहे आणि तो शेकडो वर्षे चालला. न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे मानते. स्मृतीला त्यांत जागा नाही. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त बुद्धीचे दोन भाग सांगितले आहेत, अनुभव आणि स्मृती. स्मृती केवळ संस्कारातून जन्मते. खऱ्या अनुभवातून आलेली असेल तर ती यथार्थ, चुकीच्या अनुभवातून आलेली असेल तर अयथार्थ. यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांनी सिद्ध केलेली या ग्रंथाची आवृत्ती १८९७ साली मुंबईतून निघाली आणि संस्कृत शिकणाऱ्यांच्या पिढ्यांनी न्यायाची पहिली ओळख तिच्यातून करून घेतली. पातंजल योगसूत्रांतही चित्ताच्या पाच वृत्तींमध्ये प्रमाण एकीकडे आणि स्मृती दुसरीकडे अशी वेगळी मोजणी आहे.

स्मृतीला बाहेर ठेवण्याची कारणे मात्र सर्वांची सारखी नाहीत. सातव्या शतकातला मीमांसक कुमारिल भट्ट म्हणतो की प्रमाणाने आधी न जाणलेले काहीतरी जाणून दिले पाहिजे. स्मृती जाणलेलेच पुन्हा जाणते, म्हणून ती प्रमाण नाही. नवव्या शतकात काश्मीरमध्ये ‘न्यायमंजरी’ लिहिणाऱ्या जयंत भट्टाला हे कारण पटत नाही. एकच वस्तू दुसऱ्यांदा पाहिली म्हणून ते पाहणे काही खोटे ठरत नाही. त्याच्या मते खरी अडचण अशी, की स्मृती तिच्या विषयापासून जन्मत नाही. आठवताना वस्तू समोर नसते, कधी कधी ती जगातूनच गेलेली असते. हा आक्षेप अधिक गंभीर आहे. शिबिरातली पहाट आठवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आज ती पहाट नाही. तिने मागे ठेवलेला ठसा बोलतो आहे.

जैन तर्कशास्त्राने इथे सरळ उलटी बाजू घेतली. आठव्या शतकातल्या अकलंकाने स्मृतीला परोक्ष, म्हणजे अप्रत्यक्ष, प्रमाणांत स्थान दिले आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने ‘प्रमाणमीमांसे’त स्मृती, प्रत्यभिज्ञान, तर्क, अनुमान आणि आगम अशी परोक्षाची पाच अंगे स्थिर केली. त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. धूर दिसला की अग्नी आहे असे अनुमान करणाऱ्याला धूर आणि अग्नी यांची सोबत आठवावी लागते. ती आठवणच अप्रमाण असेल, तर तिच्यावर उभे राहिलेले अनुमान प्रमाण कसे होईल? विषय समोर नाही हे कारण पुढे केले, तर कालच्या पावसाचे आणि उद्याच्या ग्रहणाचे अनुमानही सोडून द्यावे लागेल. स्मृतीची कसोटी इतर ज्ञानांचीच असावी, म्हणजे ती वस्तुस्थितीशी जुळते की नाही आणि पुढच्या व्यवहारात तिच्यावर विसंबता येते की नाही.

गजबजलेल्या महिन्याच्या संदर्भात या पाचांपैकी दुसरे अंग, प्रत्यभिज्ञान, सर्वांत मोलाचे आहे. माणिक्यनंदीने ‘परीक्षामुख’ या सूत्रग्रंथात त्याला दर्शन आणि स्मरण यांतून घडणारे संकलन म्हटले आहे. ‘हा तोच आहे’ एवढीच त्याची व्याप्ती नाही. हे त्यासारखे आहे, हे त्याहून वेगळे आहे, हे त्याच्यापासून दूर आहे, असे दोन अनुभवांमधले सगळे संबंध जाणणे त्यात येते. याचा अर्थ उदाहरणावाचून लागत नाही, म्हणून शिबिराचेच उदाहरण घेऊ.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, देशातल्या ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि दत्तक घेतलेल्या गावात सात दिवसांचे विशेष शिबिर करायचे, अशी तिची रचना आहे. महाराष्ट्रात ही शिबिरे बहुधा हिवाळ्यात होतात. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा देवळाच्या सभामंडपात, पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक सत्र, संध्याकाळी गावकऱ्यांसमोर पथनाट्य किंवा गाणी. पावसाळ्यानंतर ओढ्यात धार टिकून असते, म्हणून सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारा घालणे हे श्रमदानाचे ठरलेले काम. समजा, अशा शिबिरात सर्वेक्षणाचा कागद घेऊन घरोघरी फिरणाऱ्या विद्यार्थिनीला एका घरी चहा मिळतो. चहा देणारी मुलगी सहज सांगते की आठवीनंतर शाळा सोडली, कारण पुढची शाळा पलीकडच्या गावात आहे आणि जायला बस नाही. विद्यार्थिनी रकान्यात खूण करते आणि पुढच्या घरी जाते. पंधरवड्याने, ३ जानेवारीला, तीच विद्यार्थिनी महाविद्यालयाच्या सभागृहात सावित्रीबाईंवर पाठ केलेले भाषण करते आणि त्याला टाळ्या मिळतात. दोन्ही प्रसंग पूर्ण जगलेले आहेत. तरी पहिल्यात दुसरा नव्हता, आणि दुसऱ्याच्या वेळी भाषण विसरू नये या धास्तीत पहिला आठवला नाही. जानेवारीच्या अखेरीस ते दोन एकमेकांशेजारी येतात तेव्हा कळते, की ज्या गोष्टीवर भाषण केले ती चहाचा कप हातात देऊन समोर उभी राहिली होती.

हे ज्ञान नवे आहे. कुमारिलाच्या कसोटीवरही ते उतरते, कारण आधी कोणत्याच क्षणी ते जाणलेले नव्हते. नैयायिक याला उत्तर देईल की इथे नवे आहे ते मनाचे प्रत्यक्ष किंवा अनुमान, स्मृती त्याला फक्त साहाय्य करते. बौद्ध तार्किक म्हणेल की आठवण आणि विचार ही दोन ज्ञाने आहेत, त्यांना एक समजणे हाच भ्रम. दोन्ही उत्तरे विचारपूर्वक दिलेली आहेत. पण मागे वळून पाहणाऱ्याच्या अनुभवाशी जैनांचे म्हणणे अधिक प्रामाणिक राहते. त्या दोन प्रसंगांतला संबंध नंतर लावलेली कल्पना नव्हे. तो डिसेंबरातही होता आणि जानेवारीतही. पाहणाऱ्याला त्या वेळी दोन्ही टोके एकदम दिसत नव्हती, इतकेच. दाटीच्या महिन्यात असे संबंध जास्त असतात आणि ते पाहायला सवड कमी असते. म्हणून त्या महिन्याचे ज्ञान मुख्यतः तो संपल्यावरच होऊ शकते, आणि जो कधीच मागे पाहत नाही त्याच्या वाट्याला ते येत नाही.

स्मृतीला प्रमाण मानले म्हणजे प्रत्येक आठवण खरी मानली असे नव्हे. केंब्रिजचा मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट याने १९३२ साली ‘रिमेम्बरिंग’ या पुस्तकात दाखवले की माणसे ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगताना तिची नव्याने बांधणी करतात. अपरिचित तपशील गळतो, परिचित तपशील शिरतो आणि सांगणाऱ्याला हा बदल जाणवत नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांच्या १९७४च्या प्रयोगात मोटारींच्या अपघाताची तीच चित्रफीत पाहिलेल्या लोकांना प्रश्नातले एकच क्रियापद बदलून विचारले, तर त्यांनी सांगितलेला वेग बदलला. शिबिराचा अहवाल लिहिणाऱ्यावर याच प्रकारचा दाब असतो. अहवालाचे मथळे आधीच ठरलेले असतात: उद्घाटन, श्रमदान, बौद्धिक, समारोप. मथळ्यात न बसणारे आठवणीतूनही हळूहळू बाजूला पडते. ती चहाची गोष्ट बहुतेक अहवालांत सापडणार नाही.

यावर उपाय काय, याचे एक उत्तर मराठी गद्याच्या अगदी आरंभी मिळते. चक्रधरस्वामींच्या वियोगानंतर म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या लीळा गोळा केल्या. ज्याने जे पाहिले-ऐकले त्याच्याकडून ते विचारून घ्यायचे, नागदेवाचार्यांशी ताडून पाहायचे आणि मग लिहायचे, अशी त्याची पद्धत परंपरेने सांगितली जाते. ‘लीळाचरित्रा’च्या पोथ्यांमध्ये एकाच लीळेच्या वेगवेगळ्या आठवणी, सांगणाऱ्याच्या नावासह, शेजारी शेजारी नोंदलेल्या आढळतात. ज्या ग्रंथाकडे महानुभाव संप्रदाय परमेश्वराचे चरित्र म्हणून पाहतो, त्यात आठवणींतला मतभेद पुसून टाकला नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. श्रद्धेने स्मरण करणे आणि स्मरणाची शहानिशा करणे यांत विरोध नाही, हे यातून सिद्ध होते. महानुभावांसाठी लीळांचे स्मरण हीच साधना होती, आणि म्हणूनच ते अचूक असण्याची तळमळ होती. बंधारा घालणारे विद्यार्थी रात्री शाळेच्या वर्गात सतरंज्यांवर बसून दिवस आठवतात तेव्हाही हेच घडू शकते, अट एवढीच की एकाची आठवण दुसऱ्याने दुरुस्त करावी आणि जुळत नाही ते तसेच राहू द्यावे.

मग आठवणारा कोण, हा प्रश्न उरतो. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात क्षणिकवादी बौद्धांविरुद्ध स्मृतीचाच आधार घेतला आहे. ज्याने पाहिले त्यालाच आठवते. एकाचे पाहिलेले दुसऱ्याला आठवत नाही. म्हणून पाहणारा आणि आठवणारा एकच असला पाहिजे. बौद्धांचे उत्तर असे, की एका प्रवाहातला आधीचा क्षण पुढच्या क्षणावर संस्कार ठेवून जातो, तेवढ्याने स्मृती उपपन्न होते. टिकून राहणाऱ्या आत्म्याची गरज पडत नाही. हा वाद इथे सोडवण्यासारखा नाही. पण त्याचा एक व्यावहारिक परिणाम आहे. डिसेंबरात शिबिरातल्या सोबत्यावर ओरडलेला मुलगा जानेवारीत ‘तेव्हा मी वेगळ्याच मनःस्थितीत होतो’ असे म्हणतो, त्या वेळी तो स्वतःचे दोन भाग करून एकाची जबाबदारी झटकतो. शंकराचार्यांच्या युक्तिवादाने ही पळवाट बंद होते. आश्चर्य म्हणजे बौद्धांच्या युक्तिवादानेही ती बंदच होते, कारण प्रवाहातल्या मागच्या क्षणाचे फळ त्याच प्रवाहातल्या पुढच्या क्षणाला भोगावे लागते. आत्म्याविषयी टोकाचा मतभेद असूनही दोघे कर्माच्या उत्तरदायित्वावर एकत्र येतात.

इथून प्रश्न ज्ञानाकडून आचाराकडे वळतो. मागे वळून पाहण्याला साधनेचे रूप अनेक परंपरांनी दिले. रोमचा सेनेका पहिल्या शतकात ‘क्रोधा’वरच्या ग्रंथात सांगतो की दिवा मालवल्यावर आणि पत्नी अबोल झाल्यावर तो आपला सबंध दिवस तपासतो आणि स्वतःपासून काहीच लपवत नाही; ही सवय त्याने सेक्स्टियस या तत्त्वज्ञाकडून घेतली. जेझुइट संघ स्थापन करण्यात पुढाकार घेतलेल्या इग्नेशियस लोयोलाने १५४८ साली छापल्या गेलेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात पाच टप्प्यांचे आत्मपरीक्षण दिले. त्या परीक्षणाचा पहिला टप्पा दोष शोधण्याचा नाही, मिळालेल्या गोष्टींबद्दल देवाचे आभार मानण्याचा आहे. हा क्रम शहाणपणाचा आहे. दमलेला विद्यार्थी महिना आठवू लागला की राहून गेलेले आधी दिसते: न झालेले वाचन, चुकलेले सबमिशन, हुकलेले पारितोषिक. कोणी पहाटे उठून सगळ्यांसाठी पोहे केले, कोणी आजारी मुलाची पाळी स्वतः घेतली, हे आठवायला मुद्दाम थांबावे लागते.

बौद्ध संघातला प्रवारणेचा विधी यांहून एका बाबतीत पुढे जातो. वर्षावासाचे तीन महिने संपले की प्रत्येक भिक्षू संघाला विनंती करतो, की माझ्याकडून काही दोष घडलेला कोणी पाहिला, ऐकला किंवा त्याची शंका आली असेल तर कृपा करून सांगावे. सेनेकाच्या अंधाऱ्या खोलीत न्यायाधीश आणि आरोपी एकच असतो. प्रवारणेत माणूस आपला काळ दुसऱ्यांच्या आठवणींपुढे ठेवतो. म्हाइंभटाने लीळांसाठी जे केले तेच इथे स्वतःच्या वागण्यासाठी केले जाते. सात दिवस एकत्र राहिलेल्या गटाने समारोपाच्या भाषणांआधी असा एक तास काढला, तर त्यातून जे कळेल ते एकट्याने लिहिलेल्या डायरीत येणे शक्य नाही.

किती काळाने मागे पाहावे, याचा सर्वांत बारकाईने विचार जैन परंपरेत आहे. प्रतिक्रमण, म्हणजे घडलेल्या दोषांकडे मागे वळून पाहणे, हे सहा आवश्यक नित्यकर्मांपैकी एक. श्वेतांबर परंपरेत ते रात्रीचे, दिवसाचे, पंधरवड्याचे, चार महिन्यांचे आणि वर्षाचे अशा पाच मुदतींनी करतात. त्यात महिना नाही. या मुदतींचा धागा कर्मग्रंथांतल्या कषायांच्या वर्णनाशी जुळतो. क्रोध, मान, माया आणि लोभ यांच्या प्रत्येकी चार पायऱ्या सांगितल्या आहेत. सर्वांत सौम्य, संज्वलन कषाय, पंधरवडाभर टिकू शकतो. त्याहून तीव्र तो चार महिने, त्यापुढचा वर्षभर आणि सर्वांत घट्ट, अनंतानुबंधी, जन्मभर. पहिल्या पायरीवरचा क्रोध साधूच्या ठायीही असू शकतो. तो चार महिन्यांपर्यंत लांबला तर साधुत्व राहत नाही, वर्षापर्यंत लांबला तर श्रावकाची व्रतेही राहत नाहीत आणि जन्मभराचा क्रोध सम्यक् दृष्टीच झाकून टाकतो. म्हणून प्रत्येक मुदतीच्या आत क्षमा मागून आणि देऊन तो मिटवायचा. हे परिमाण लावले तर स्नेहसंमेलनात भूमिका न मिळाल्याचा राग, फिशपाँडमध्ये कोणी केलेल्या थट्टेचे दुखणे, शिबिरात कामाच्या वाटणीवरून झालेले भांडण, यांचा विचार महिन्याच्या अखेरीस करणे उशिराचेच ठरते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातले भांडण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, दोघे अजून एकाच कँटीनमध्ये बसत असताना आणि दोघांनाही नेमके शब्द आठवत असताना, मिटवता येते.